मंजूर टाचण आणि चुकीचं उत्तर

एका छात्राध्यापिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील गाळून ते इथे थोडक्यात देते.

ती तालुक्याच्या गावाहून पुण्यात आली आहे, खोली घेऊन राहते. बी.एड.चं दुसरं वर्ष, मेथड (शिकवण्यासाठी निवडलेला विषय) गणित. सध्या पेठेतल्या एका मराठी शाळेत तिचा छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाचा काळ, चालू आहे. ती लिहिते: ‘रात्र रात्र बसून टाचण (पाठाचा लेखी आराखडा) काढते, तरी मेथडच्या मॅडम ते लाल करून परत देतात. उद्दिष्टं मोघम, स्पष्टीकरणं (उद्दिष्ट साधलं हे कशावरून दिसेल ते) सुधारा. शाळेतल्या बाई म्हणतात, ते टाचण बाजूला ठेव आणि मुलांकडे बघ. दोघींचं एकाच वेळी कसं ऐकायचं? पाठ बघायला मागे बसणाऱ्या मैत्रिणी निरीक्षण वहीत “पाठ छान झाला” एवढंच लिहितात. मागच्या आठवड्यात सहावीला छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज घेतली. १/२ अधिक १/३ किती, असं विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, दोन पंचमांश. मी गडबडले, त्याला “बस” म्हटलं आणि पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीला उठवलं. तिने बरोबर सांगितलं, मी फळ्यावर लिहिलं. पुढे वेळ पुरला नाही, उपयोजन (शिकलेलं वापरून मुलांनी सोडवायचं गणित) राहूनच गेलं. मॅडम मागे बसल्या होत्या. त्यांचा शेरा: विद्यार्थ्यांच्या प्रतिसादाचा उपयोग केला नाही, पाठ टाचणानुसार पूर्ण झाला नाही. मागच्या वर्षीच्या एका ताईची मंजूर झालेली टाचणं माझ्याकडे आहेत. उरलेले पाठ त्यावरून घेऊ का? की मी शिक्षिका व्हायच्या लायकीचीच नाही? घरी वडील रोज विचारतात, टीईटीचं (शिक्षक पात्रता परीक्षेचं) काय?’

प्रिय मैत्रिणी,

शेऱ्यांबद्दल तुम्ही पानभर लिहिलं आहे आणि त्या मुलाबद्दल तीन ओळी. माझं लक्ष मात्र त्या तीन ओळींतच अडकलं. म्हणून आधी त्याच्याविषयी बोलू, शेऱ्यांकडे मग येऊ.

त्याने वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले. सहावीच्या वर्गात हे उत्तर हमखास येतं. मूल बेफिकीर आहे म्हणून ते येतं, असं आपण पटकन धरून चालतो. पण जरा त्याच्या बाजूने बघा. चाचणीत पहिल्या प्रश्नाला २ पैकी १ गुण मिळाला, दुसऱ्याला ३ पैकी १ मिळाला, तर एकूण ५ पैकी २. हा हिशेब तो प्रत्येक चाचणीनंतर करतो आणि तिथे तो बरोबर असतो. तुमच्या फळ्यावर तोच हिशेब चुकतो, कारण गुणांमध्ये दोन वेगळे प्रश्न एकत्र येऊन ५ गुणांचा नवा पूर्ण तयार होतो. अपूर्णांकांच्या बेरजेत पूर्ण तोच राहतो. अर्धी पट्टी आणि तृतीयांश पट्टी, दोन्ही एकाच लांबीच्या पट्टीतल्या. हा फरक मुलांच्या डोक्यात उतरवणं, हेच त्या तासाचं खरं काम होतं आणि त्या मुलाने ते तुमच्या हातात आणून ठेवलं होतं.

त्याला खाली बसवण्याऐवजी वर्गाला विचारता आलं असतं, ‘आपण अर्ध्यात आणखी काही तरी मिळवलं ना? मग दोन पंचमांश अर्ध्याहून जास्त आहेत की कमी?’ पाचाचं अर्धं अडीच, म्हणजे दोन पंचमांश अर्ध्याहूनही कमी भरतात. भर घातली आणि कमी झालं, हे कसं? एवढ्यावर वर्ग जागा होतो. मग कागदाची एक पट्टी घेऊन तिचे सहा सारखे भाग करायचे. अर्धी पट्टी म्हणजे त्यातले ३ भाग, तृतीयांश म्हणजे २ भाग, मिळून ६ पैकी ५. समच्छेद करायचा, म्हणजे छेद सारखे करायचे ते का, हे मुलांना पट्टीवर दिसतं. लसावि नंतर येऊ दे.

हे तुम्हाला त्या क्षणी सुचलं नाही याचं मला नवल वाटत नाही. मागे मॅडम, पुढे पन्नास मुलं, मनगटावर घड्याळ आणि अनपेक्षित उत्तर. अशा वेळी सुचत नाही, आधी ठरवलेलं असेल तरच आठवतं. आणि तुमच्या टाचणात ते ठरवलेलं नव्हतं. ‘शिक्षक कृती’ आणि ‘विद्यार्थी कृती’ असे दोन रकाने तुम्ही आखता. दुसऱ्या रकान्यात काय लिहिता ते आठवून बघा. ‘विद्यार्थी उत्तर देतात: ५/६.’ बहुतेक सगळ्या टाचणांत असंच असतं. त्या रकान्यातली मुलं कधी चुकत नाहीत, कधी गप्प बसत नाहीत. सहावीतली खरी मुलं तशी नव्हती, एवढंच झालं.

आता तुमच्या दोन गुरूंकडे येऊ. तुम्ही गृहीत धरलं आहे की मॅडम आणि बाई एकमेकींच्या उलट सांगत आहेत, म्हणून एकीचं ऐकलं की दुसरीचं मोडतं. मला तसं वाटत नाही. तुमच्या टाचणातलं उद्दिष्ट बहुधा ‘विद्यार्थ्यास अपूर्णांकांच्या बेरजेचे आकलन होते’ अशा थाटाचं असेल. आकलन झालं हे तुम्हाला कळणार कशावरून? हुशार मुलीने उत्तर दिलं की झालं? त्याऐवजी स्पष्टीकरण असं लिहून बघा: ‘१/२ + १/३ = २/५ हे उत्तर चूक का, याचे कारण विद्यार्थी पट्टीच्या साहाय्याने सांगतो.’ हे लिहिताक्षणी मॅडमची ‘मोघम’ची तक्रार संपते. आणि वर्गात उभं राहिल्यावर तुमची नजर आपोआप त्या कारणाच्या शोधात फिरू लागते, म्हणजे बाई म्हणत होत्या तेही घडतं. एकीला उणीव कागदावर दिसली, दुसरीला वर्गात. उणीव एकच आहे.

बाईंचं स्वतःचं दैनिक टाचण चार ओळींचं असतं, हे तुम्ही पाहिलं असेल. ‘आम्ही आठ पानं का लिहायची मग?’ हा प्रश्न बी.एड.च्या प्रत्येक तुकडीत विचारला जातो आणि तो रास्त आहे. बाईंच्या चार ओळींमागे वर्षानुवर्षं ऐकलेली चुकीची उत्तरं आहेत. कोणत्या पायरीवर वर्ग अडतो, तिथे काय विचारायचं, वेळ कमी पडला तर काय गाळायचं, हे त्यांना लिहावं लागत नाही. तुमच्याजवळ तो साठा अजून नाही, म्हणून कागद लागतो. पण आठ पानांतली पाच पानं प्रस्तावना, हेतुकथन आणि सुबक फलक लेखनाच्या आराखड्यात जाणार असतील आणि मूल काय म्हणेल याला अर्धी ओळसुद्धा मिळणार नसेल, तर रात्रीचं जागरण चुकीच्या जागी खर्च होतं आहे.

पहिल्या वर्षी तुम्ही सूक्ष्म अध्यापन, म्हणजे काही मिनिटांचा छोटा सराव पाठ, केलं आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत आकाराला आली. आपल्याकडे एन.सी.ई.आर.टी.ने (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने) तिचं जे रूप रूढ केलं त्यात एक चक्र ३६ मिनिटांचं असतं: अध्यापन ६ मिनिटं, प्रत्याभरण (पाठाबद्दलचे शेरे) ६, पुनर्नियोजन १२, पुनराध्यापन ६ आणि पुन्हा प्रत्याभरण ६. सगळ्यात जास्त वेळ कशाला दिला आहे बघा. शेरा ऐकायला ६ मिनिटं आणि त्यावरून टाचण बदलायला त्याच्या दुप्पट. ज्यांनी हे ठरवलं त्यांना पक्कं माहीत होतं की शेरा ऐकल्याने कुणी सुधारत नाही. बदललेलं टाचण घेऊन परत वर्गासमोर उभं राहिल्यावर सुधारणा होते.

पहिलं वर्ष संपलं की हे चक्र सगळेच विसरतात. सराव पाठ होतो, वहीत शेरा पडतो, सही होते आणि दुसऱ्या दिवशी नव्या घटकाचं नवं टाचण. जुना पाठ परत कधीच होत नाही. मग शेऱ्याचं काय करायचं? तो मनात घेऊन झुरण्यापलीकडे काही उरत नाही. तुमचं आत्ता तेच होतं आहे आणि यात तुमच्याइतकाच तुमच्या वेळापत्रकाचाही दोष आहे. बी.एड. पूर्वी एक वर्षाचं होतं. २०१४च्या नियमांनंतर ते दोन वर्षांचं झालं आणि शाळेतला काळ २० आठवड्यांचा झाला, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. हा काळ वाढवला तो पाठांची संख्या गाठण्यापुरता वापरला जाऊ नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

म्हणून माझी पहिली सूचना: तोच पाठ पुन्हा घ्या. शाळेत सहावीच्या दोन तुकड्या असतील तर बाईंना विचारा, ‘मागचा पाठ सुधारून घेतला आहे, दुसऱ्या तुकडीत वीस मिनिटं मिळतील का?’ कुठलीही जाणती शिक्षिका याला सहसा नाही म्हणणार नाही. दुसरी तुकडी नसेल तर त्याच वर्गात उजळणीच्या तासाला पंधरा मिनिटं मागा आणि ते उत्तर फळ्यावर लिहूनच सुरुवात करा. त्या मुलाचं नाव घेऊ नका. ‘मागच्या तासाला एक उत्तर आलं होतं, त्यावर बोलायचं राहिलं’ एवढं म्हटलं की पुरे. हा पाठ मोजला जाणार नाही, त्यावर सही मिळणार नाही. तरी घ्या.

टाचणात दुसऱ्या रकान्याच्या कडेला एक चिंचोळा रकाना पेन्सिलीने आखा आणि प्रत्येक मुख्य प्रश्नासमोर निदान दोन चुकीची उत्तरं लिहा, त्यांच्यापुढे तुम्ही काय विचाराल तेही. सुरुवातीला उत्तरं सुचणार नाहीत. तेव्हा बाईंना विचारा, ‘इथे मुलं काय चुकतात?’ पुस्तकात न मिळणारी माहिती मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता मिळेल. जपानमध्ये शिक्षकांची ‘जुग्यो केंक्यू’ नावाची जुनी प्रथा आहे. काही शिक्षक मिळून एका पाठाचं टाचण करतात, एक जण तो घेतो, बाकीचे मुलांकडे बघत टिपणं काढतात आणि मग टाचण सुधारतात. त्या टाचणांत मुलं काय काय उत्तरं देतील याची जागा ठरलेली असते. आणि चर्चा होते ती पाठाची. घेणाऱ्या शिक्षकाचा निकाल लावायला कुणी बसलेलं नसतं, कारण पाठ सगळ्यांनी मिळून घडवलेला असतो.

तुमच्या मैत्रिणींना यातलं थोडं तरी करता येईल. ‘पाठ छान झाला’ हा शेरा प्रेमाचा आहे, उपयोगाचा नाही. त्यांनाही दोष देऊ नका, काय बघायचं हे कुणी त्यांना सांगितलेलंच नाही. पुढच्या पाठाला मागे बसणाऱ्या मैत्रिणीच्या हातात वर्गाचा नकाशा द्या. बाकांच्या चौकोनी खुणा, बस्स. तुम्ही ज्या मुलाला प्रश्न विचाराल त्याच्या चौकोनात एक रेघ, मुलाने आपणहून काही विचारलं तर एक टिंब. तास संपल्यावर तो कागद बघा. रेघा बहुतेक वेळा पुढच्या दोन रांगांत आणि शिक्षकाच्या उजव्या किंवा डाव्या कुठल्या तरी एकाच बाजूला दाटलेल्या दिसतात. मागच्या खिडकीपाशी एकही रेघ नाही, हे कागदावर दिसल्यावर त्यावर वाद घालावा लागत नाही आणि वाईटही वाटत नाही. पुढच्या पाठाला नजर तिकडे वळते.

मॅडमनाही असंच आधी सांगून बघा. ‘मॅडम, आज मी चुकीची उत्तरं कशी हाताळते तेवढं विशेष बघाल का?’ यात उद्धटपणा नाही. सगळंच बघायला सांगितलं की निरीक्षक आवाज, अक्षर, साधनं, वेळ, सगळ्यावर एकेक ओळ लिहितो आणि तुमच्या हाती दहा शेरे पडतात. दहा गोष्टी उद्याच्या पाठात सुधारता येत नाहीत, एक येते. शेरे आले की त्यातला एकच निवडा, तारीख घालून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, दोन-तीन पाठ तेवढ्याच्याच मागे लागा. बाकीचे तोवर थांबतील.

आणखी एक करा. पाठ संपल्यावर निरीक्षण वही उघडण्याआधी स्वतःच्या वहीत चार ओळी लिहा: वर्ग कुठे हातातून सुटला, कुठे जमून आला, कोणतं उत्तर अनपेक्षित होतं. शेरा वाचल्यावर स्वतःची आठवणही त्याच्याच रंगाची होते, म्हणून आधी लिहायचं. मग दोन्ही शेजारी ठेवून बघा. जिथे दोघांचं एकच म्हणणं आहे तिथून कामाला लागा. जे तुम्हाला दिसलंच नव्हतं, त्याबद्दल मॅडमना जाऊन विचारा, ‘हे नेमकं कुठल्या क्षणी झालं?’

वेळ न पुरण्याबद्दल थोडक्यात. उपयोजन राहिलं, याची खंत बरोबर आहे, कारण मुलांना जमलं का हे तिथेच कळतं. पण टाचण जसंच्या तसं पार पाडणं म्हणजे चांगला पाठ, हे तुमचं गृहीतक मला पटत नाही. ३५ मिनिटांच्या तासिकेत पूर्ण ३५ मिनिटांचं टाचण कधीच मावत नाही. हजेरी, दंगा, खडू आणायला पाठवलेला मुलगा. २५ मिनिटांचं काढा आणि लिहितानाच एक खूण करा: इथवर पोहोचायला वीस मिनिटं लागली तर मधलं दुसरं उदाहरण गाळायचं आणि उपयोजनाचं एक गणित द्यायचंच. काय सोडायचं ते आदल्या रात्री ठरलेलं असलं की वर्गात धांदल उडत नाही.

सगळेच शेरे चांगल्या हेतूने दिलेले असतात, असं मी म्हणणार नाही. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण ‘तुम्हाला हे जमायचं नाही’ असं तोंडावर ऐकलेल्या, मुलांसमोर पाठ थांबवून टोकलेल्या छात्राध्यापिका मला भेटल्या आहेत. असं बोलणं म्हणजे प्रत्याभरण नव्हे, त्यातून काही बदलता येत नाही. तिथे एकच विचारायचं, नम्रपणे आणि ठामपणे: ‘पाठात कुठे काय वेगळं करायला हवं होतं?’ उत्तर मिळालं तर घ्या. न मिळालं तर ते वाक्य तिथेच ठेवून या. मुलांसमोर टोकलं जात असेल तर शाळेतल्या बाईंमार्फत किंवा प्राचार्यांकडे जाऊन ‘सूचना तासानंतर शिक्षक खोलीत द्याव्यात’ अशी विनंती करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. निरीक्षकांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही माझं सांगणं आहे, ‘फलक लेखन सुधारा’ यापेक्षा ‘तिसऱ्या उदाहरणापाशी मागच्या मुलांना अक्षर दिसत नव्हतं’ असं लिहायला अर्धं मिनिटच जास्त लागतं.

आता ताईंच्या टाचणांबद्दल. ती उतरवून काढून स्वतःची म्हणून सहीला द्यायची असतील तर माझं स्पष्ट उत्तर ‘नाही’ असं आहे. ते खोटं आहे हे एक कारण झालं. दुसरं, ती टाचणं मंजूर झाली होती तरी ती ज्या वर्गासाठी काढली तो वर्ग तुमचा नव्हे. मंजुरी टाचणाला मिळाली होती, त्यावरून घेतलेला पाठ कसा झाला हे त्या वहीत लिहिलेलं नसतं. मात्र त्या वह्या परतही करू नका. आधी स्वतःचं टाचण काढा, मग त्याच घटकाचं ताईंचं उघडून बघा. त्यांचं एखादं उदाहरण तुमच्याहून चांगलं असेल तर खुशाल घ्या, शिक्षक एकमेकांकडून असंच घेत आलेले आहेत. ताईंना फोन करून मात्र एवढं विचारा: हा पाठ घेताना कुठे अडलं? वहीपेक्षा त्या उत्तराचा उपयोग जास्त होईल. साधनांचंही तेच. अप्पा बळवंत चौकात छान रंगीत तक्ते मिळतात, पण या घटकाला मुलांच्या हातातली घडी घातलेली पट्टी अधिक काम करते आणि ती रद्दी कागदाचीही चालते.

राहिला लायकीचा प्रश्न. शिकवणं आपलं काम नव्हे, हे काही जणांना बी.एड. करताना उमगतं आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण ते लाल शाईवरून ठरत नाही, एका फसलेल्या पाठावरून तर नाहीच. मुलांशी बोलायचा कंटाळा येतो का, त्यांच्या उत्तरांबद्दल कुतूहल संपलं आहे का, तास संपल्यावर फक्त सुटल्यासारखं वाटतं का, हे स्वतःला विचारा आणि तेही १६ आठवडे पूर्ण झाल्यावर, तीन-चार पाठ दुरुस्त करून दुसऱ्यांदा घेतल्यावर. तुम्ही आठवड्यानंतरही त्या मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून पाठवले आहेत, हे मी नोंदवून ठेवते.

वडिलांची काळजीही खरी आहे, तिला उडवून लावू नका. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटीचा पेपर २ द्यावा लागतो. १५० गुणांचा पेपर, गणित-विज्ञान गट घेतलात तर त्या विषयाला ६० गुण आणि बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला ३०. मुलं अशी का चुकतात, चुकीच्या उत्तरावर शिक्षकाने काय करावं, या प्रकारचे प्रश्न त्या ३० गुणांतच येतात. तुमची ती चार ओळींची वही त्या अभ्यासाला उपयोगी पडेल. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी तासभर टीईटीचा, संध्याकाळी टाचण आणि रात्री अकराला दिवा बंद, असं वेळापत्रक कागदावर लिहून वडिलांना फोनवर वाचून दाखवा. ‘अभ्यास चालू आहे’ या उत्तराने त्यांचं समाधान होत नाही, म्हणून ते रोज विचारतात. तासांचा हिशेब समोर आला की विचारणं कमी होईल आणि अकराला झोपण्याबद्दल ते तुमच्याच बाजूने उभे राहतील.